सोलरच्या पेटीतली हिरवी पाटी

तुमच्या रानात सोलरचा पंप असेल तर प्लेटांखाली लोखंडी खांबाला टांगलेली एक पेटीही असेल. कुणी तिला कंट्रोलर म्हणतात, कुणी ड्राइव्ह. आमच्या सांगोल्याच्या बाजूला बरेच जण अजून स्टार्टरच म्हणतात. सकाळी ऊन चढले की बटण दाबायचे, पाणी आले की व्हॉल्व्हकडे वळायचे. पेटीच्या आत काय आहे हे बघायची वेळ कुणावर येत नाही, आणि येऊही नये. माझ्यावर मात्र ती आली, आणि ती माझ्याच सल्ल्यामुळे आली.

मी बी.एस्सी. कृषी झालेला माणूस. राहुरीला शिकलो आणि तेव्हापासून गावोगाव हिंडतो आहे. माती, बी, खत, कीड यांवर बोला म्हणाल तर कंदिलातले तेल संपेपर्यंत बोलेन. वीज हा माझा विषय नव्हे. तरी आज विजेवर लिहायला बसलो आहे, कारण या विषयात मी न विचारता शहाणपण केले आणि त्याची झळ एका घराला बसली.

त्या घरच्या कर्त्या माणसाला मी अण्णा म्हणतो. नाव छापणे बरे नव्हे. चार एकर रान, त्यातले दीड एकर डाळिंब, झाडे साडेचारशे. केंद्र सरकारची कुसुम योजना २०१९ साली सुरू झाली, तिच्यातून अण्णांनी दहा टक्के हिस्सा भरून पाच अश्वशक्तीचा सोलर पंप घेतला. अर्जापासून प्लेटा उभ्या राहीपर्यंत कागदपत्रांसाठी मीच धावपळ केली होती, त्यामुळे तो पंप मला थोडा माझाही वाटे. रात्रीच्या लाईटची वाट पाहत विहिरीवर जागणे संपले, याचे वहिनींना फार समाधान होते. विहिरीच्या वाटेवर दोनदा साप निघाला होता.

२०२३ च्या फेब्रुवारीत शेजारच्या रानातली केबल चोरीला गेली. अण्णा घाबरले आणि मला विचारू लागले, "साहेब, पेटीचं काय करावं?" मी क्षणभरही विचार केला नाही. म्हणालो, "खांबावरून काढा, जुन्या मोटरघरात न्या, पत्र्याचं कपाट करून घ्या आणि कुलूप लावा. पावसाचीही काळजी मिटेल." अण्णांनी माझा शब्द खाली पडू दिला नाही. आठ दिवसांत गावातल्या वेल्डरकडून कपाट करून घेतले, साठ फूट केबल वाढवली, पेटी आत बसवली. पेटीच्या बुडाशी केबल जिथून आत जाते तिथे रबराची आवळपट्टी असते. जुनी काढताना ती फाटली, म्हणून त्या भोकात फडक्याचा बोळा कोंबला. कपाटाशेजारी पेंडीची पोती रचलेली होती. मी जाऊन पाहिले आणि "झकास" म्हणून आलो.

मार्च सरला. एक दिवस अण्णांचा फोन आला की दुपारी एक वाजला की पंप आपोआप बंद होतो आणि चारच्या सुमाराला पुन्हा चालू होतो. आता ही खूण होती. कुठल्याही जाणत्या माणसाने विचारले असते की कडक उन्हात, जेव्हा पंप सर्वांत जोरात चालायला हवा, नेमका तेव्हाच का बंद पडतो? मी म्हणालो, "ढग येत असतील." एप्रिलच्या तोंडावर सांगोल्यात ढग! अण्णा भिडेखातर गप्प बसले असावेत.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी मोटरघरात फटाका वाजावा तसा आवाज झाला आणि जळका वास सुटला. आंबे बहाराची फळे तेव्हा लिंबाएवढी झाली होती. डाळिंबवाल्यांना सांगायला नको की या दिवसांत झाडाला आधी ताण आणि मग एकदम पाणी मिळाले तर फळ तडकते.

फोनवर तक्रार केली. चौथ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. त्याने पेटी पाहिली, कपाट पाहिले, बोळा पाहिला, फोटो काढले आणि कागदावर लिहिले की पेटीची जागा बदललेली आहे, ती उघडलेली आहे, तेव्हा हमी लागू नाही. माझा संताप झाला. पण रात्री घरी गेल्यावर शांतपणे आठवले तेव्हा त्याच्या लिहिण्यात खोटे काही सापडेना.

मग बाजाराच्या गावातला मोटारीचे वाइंडिंग करणारा एक मिस्त्री गाठला. माणूस कष्टाळू आणि नेकीचा. त्याने पेटीतला फुटलेला डबा दाखवला. गोल, काळा, तांब्याएवढा. याला ते कपॅसिटर म्हणतात. तसाच डबा त्याच्याकडे नव्हता, जो होता तो जाड होता आणि जागेवर बसेना. तेव्हा त्याने तो बाहेर कडेला बांधला आणि वीतभर लांबीच्या दोन तारांनी पाटीला जोडला. पंप सुरू झाला. आम्ही चहा घेतला. पाच दिवस पाणी चालले आणि सहाव्या दिवशी पहिल्यापेक्षा मोठा आवाज झाला.

दुसऱ्या सकाळी मी ती पेटी मोटारसायकलला बांधली आणि पंढरपूरला नेली. तिथे एक मुलगी वेल्डिंग मशीन, इन्व्हर्टर आणि असल्या पेट्या दुरुस्त करते असे ऐकले होते. शेतकऱ्याचीच लेक, पॉलिटेक्निकला शिकलेली. वय तीसच्या आत. दुकानात शिरताच मी घाईने झाकणाला हात घातला, तेव्हा ती केवढ्याने ओरडली, "काका, हात काढा आधी!"

मी म्हणालो, "अगं, कालपासून तारा सोडलेल्या आहेत."

"असू द्या. मोजल्याशिवाय हात लावायचा नाही." तिने मीटरच्या दोन सुया आत धरल्या, आकडा पाहिला आणि मगच मान हलवली. तिने सांगितलेले पहिले वाक्य मी जसेच्या तसे तुमच्या कानावर घालतो: या पेटीतले डबे हे विजेचे हौद आहेत, मागची वीज तोडली तरी हौद भरलेला राहतो, आणि आत पाचशे-सहाशे व्होल्ट असतात. चांगल्या पेटीत हौद रिकामा करायची सोय असते, आणि दिवा विझल्यावर पाच-दहा मिनिटे थांबा अशी सूचनाही झाकणावर असते. पण ती सोयच बिघडलेली असली तर? म्हणून घरातल्या कुणीही झाकण उघडू नये. प्लेटांचे तर आणखी वेगळे. उजेड आहे तोवर त्या वीज देतच राहतात, त्यांना बंद करणारे बटण जगात नाही. आपल्या घरातली लाईट सेकंदातून शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून स्विच बंद करताना उडालेली ठिणगी लगेच मरते. प्लेटांची वीज एकमार्गी, ती शून्यावर येतच नाही. पंप चालू असताना प्लेटांच्या तारांचे जोड ओढले तर ठिणगीची ज्योत होते आणि ती ताणली जाते. आधी पेटीजवळचा डीसी स्विच पाडायचा, मगच पुढचे.

झाकण निघाले. आत वहीच्या कागदाएवढी एक हिरवी पाटी होती, तिच्यावर डबे, बोटाएवढ्या काळ्या वड्या आणि मोहरीएवढे कितीतरी कण. मला वाटले होते की अशा पाटीत हुशारी असेल ती त्या वड्या-डब्यांची. मुलगी म्हणाली, "सामान बाजारात मिळतं काका, कुणीही आणेल. खरी अक्कल असते कोण कुठं बसवायचं त्यात. जिरायती रानाचा आणि बागाईत रानाचा नकाशा एक असतो का?"

तिने आधी पेटीचे काम सांगितले. अण्णांच्या पंधरा प्लेटा, प्रत्येकी ३३० वॅटच्या, एकापुढे एक जोडलेल्या. एकेक सुमारे ३८ व्होल्ट देते, म्हणजे सगळ्या मिळून पावणेसहाशेच्या घरात. पंप थांबलेला असताना हा दाब जवळपास सातशेपर्यंत चढतो. ही वीज एकमार्गी, आणि पंपाची मोटर तर थ्री फेजची. मग पेटी काय करते? तिच्यात सहा स्विच असतात. ते सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून एकमार्गी विजेचे तुकडे पाडतात आणि मोटरला तीन फेज रचून देतात. या स्विचला आयजीबीटी म्हणतात. १९८० च्या सुमाराला अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करताना जयंत बालिगा यांनी तो घडवला. जन्म मद्रासचा, शिक्षण तिथल्याच आयआयटीत. २०२४ साली फिनलंडचा मिलेनियम तंत्रज्ञान पुरस्कार त्यांना याच कामासाठी मिळाला. आपल्या विहिरीवर एका भारतीय माणसाचे डोके रोज राबते आहे हे मला त्या दुकानात कळले नाही, नंतर वाचताना कळले. पण मध्येच सांगून टाकले.

"आता सांगा," मुलगी म्हणाली, "लांब पाइपलाइन असताना मोटर चालू ठेवून कुणी व्हॉल्व्ह एकदम बंद केला तर काय होतं?"

हे मला न सांगता कळत होते. दणका बसतो. पाइप फुटतो, नाही तर जोड निखळतो. वाहते पाणी एकाएकी थांबायला तयार नसते; पाइप जितका लांब तितके जास्त पाणी धावत असते, आणि व्हॉल्व्ह जितक्या चटकन बंद कराल तितका दणका मोठा.

"विजेचंही अगदी हेच. तारेतून धावणारी वीज एकाएकी तोडली की ती उसळी मारते. आणि हा स्विच ती किती वेळात तोडतो? पन्नास नॅनोसेकंद धरा."

नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक. एवढ्या वेगाने व्हॉल्व्ह बंद केला तर पाइप किती लांब असावा? बोटभरसुद्धा जास्त. तिने पेन्सिलीने कागदावर हिशेब मांडला. ढोबळ मानाने तारेच्या प्रत्येक मिलिमीटरला हट्टीपणाचे एक माप असते, त्याला नॅनोहेन्री म्हणतात. मिस्त्रीने जोडलेल्या वीतभराच्या दोन तारा, जाऊन-येऊन अर्धा मीटर, म्हणजे पाचशे मापे. पंपाचे दहा अँपियर पन्नास नॅनोसेकंदांत तोडले तर शंभर व्होल्टची उसळी. पंप गाळाने किंवा खड्याने अडला आणि प्रवाह पाचपट झाला, तर तीच उसळी पाचशेची. प्लेटांचा दाब चढून सातशेच्या जवळ असेल आणि त्यावर पाचशे आले, तर बेरीज बाराशेच्या आसपास जाते, आणि त्या स्विचची सोसायची हद्दच बाराशे.

"आणि हा डबा पाटीवर स्वतःच्या जागी असता तर?"

"तिथं ही वाट दोन-अडीच सेंटिमीटरची होती. दहा अँपियरला पाच व्होल्टची उसळी."

पाच आणि शंभर. डबा तोच काम करणारा, उलट पहिल्यापेक्षा मोठा. फक्त वीतभर लांब बसवला. आमच्या मिस्त्रीला हे माहीत असण्याचे कारण नव्हते. त्याच्या मोटारीच्या धंद्यात वीतभर तार म्हणजे काहीच नव्हे. त्याला मी दोष देत नाही आणि तुम्हीही देऊ नका. पण दुरुस्तीला पेटी द्याल तेव्हा एवढे डोळ्यांनी पाहून घ्या की बदललेला भाग मूळ जागी, मूळ भोकांत, पाटीला चिकटून बसला आहे. लोंबणाऱ्या तारांवर बांधलेला असेल तर पेटी चालू झालेली दिसली तरी ती घरी आणू नका.

हौद स्विचच्या इतक्या जवळ का, हेही मग उलगडले. विहीर लांब असली तर आपण वाफ्याच्या कडेला हौद बांधतो ना, तसेच आहे. मोटरला क्षणाला लागणारी वीज प्लेटांपासून साठ फुटांवरून येत बसत नाही, ती या हौदातून उचलली जाते. मोठ्या डब्यांपुढे, अगदी स्विचच्या पायांशी, चौकोनी छोटे डबेही होते. ते म्हणजे माठ. मोठा हौद सावकाश देतो, माठ हाताशी असतो.

एक गोष्ट मात्र पाइपाच्या दाखल्याने समजेना. पाटीच्या वरच्या बाजूला तांब्याचा रुंद पत्रा होता आणि बरोबर त्याच्याखाली दुसऱ्या बाजूला तसाच दुसरा. मी विचारले, "दोन्ही एकावर एक कशाला? लांब-लांब ठेवले तर सुरक्षित नाही का?" ती म्हणाली, वरून वीज जाते, खालून तीच परत येते. वाहत्या विजेभोवती चुंबक तयार होते आणि उसळी मारण्याचा हट्ट त्या चुंबकातच असतो. जाणारी आणि येणारी वाट एकमेकींना चिकटून ठेवली की दोघींचे चुंबक उलट दिशेचे असल्यामुळे एकमेकाला खाऊन टाकतात. वाटांमधले रान जितके मोठे तितका हट्ट जास्त. मिस्त्रीच्या दोन तारा तर फाकलेल्या होत्या, एक इकडून आणि एक तिकडून.

पाटीच्या दुसऱ्या टोकाला पेटीचा मेंदू होता, नखाएवढी चिप. ती चालते तीन किंवा पाच व्होल्टवर, आणि तिच्यापासून चार बोटांवर सहाशे व्होल्टची धुमश्चक्री. माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल, विजेच्या तारांबरोबर टेलिफोनची तार गेली असेल तर फोनमध्ये घूं घूं आवाज येई. म्हणून मेंदूच्या बारीक वाटा मोठ्या वाटांच्या बाजूने नेत नाहीत. त्यांची परतीची वाटही सामाईक ठेवत नाहीत. हे मला पटकन पटले. दोन भावांच्या ठिबकला एकच मुख्य पाइप असला आणि एकाने व्हॉल्व्ह उघडला की दुसऱ्याचे ड्रिपर रडू लागतात. त्यावरून झालेली भांडणे मी पंचायतीत बसून मिटवली आहेत. इथे मेंदूला चुकीचा इशारा मिळाला तर वरचा आणि खालचा स्विच एकदम उघडतो आणि हौदातली सगळी वीज सरळ आरपार जाते. आवाज होतो तो त्याचा.

"पण हे सगळं दुसऱ्या वेळचं," मुलगी म्हणाली. "पहिल्यांदा का उडालं ते इथं बघा."

तिने पाटी दिव्याखाली धरली. सहाशे व्होल्टचा भाग आणि मेंदूचा भाग यांच्यामध्ये पाटी आरपार कापून एक अरुंद फट ठेवलेली होती. त्या फटीत लाल माती भरली होती. मुंग्यांनी! फडक्याच्या बोळ्यातून वाट काढून त्यांनी आत संसार थाटला होता. आणि मातीच्या काठाने, फटीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे, केसाएवढी काळी रेघ गेली होती.

वीज हवेतून उडी मारते तशी पाटीच्या अंगावरून सरपटतही जाते. पाटी कोरडी आणि स्वच्छ असेल तर सहाशे-सव्वासहाशे व्होल्टला सहा-साडेसहा मिलिमीटर अंतर पुरते. धूळ आणि दमटपणा असेल तिथे तेच अंतर दहा मिलिमीटर लागते. जागा कमी असली तर पाटी कापून मध्ये चर पाडतात, म्हणजे सरपटणाऱ्या विजेला वळसा पडतो. लष्करी अळी आली की आपण शेताभोवती चर खणतो, अगदी तसा. त्या चरात माती पडून तो बुजला की अळ्या पलीकडे जातात हे मी शेकडो सभांत सांगितले आहे. इथे चर माझ्याच सल्ल्याने बुजला होता. पेंडीची धूळ, मुंग्यांची माती, पहाटेचा दमटपणा. त्यातून आधी थेंबभर वीज सरपटली, तिने पाटीचा तो भाग किंचित जाळला, जळल्याचा कोळसा झाला, आणि कोळशातून वीज आणखी सोपी जाते. असे दिवसेंदिवस चालले आणि शेवटी रेघ पुरी झाली.

नव्या पाटीवर कारखान्यातून चकचकीत लेप दिलेला असतो, तो याच सरपटीसाठी. दुरुस्ती करताना तो लेप खरवडावा लागतो आणि काम झाल्यावर पुन्हा द्यावा लागतो. बहुतेक ठिकाणी तो देत नाहीत. मागून घ्या.

"आणि दुपारी एकला बंद पडायचं ते?" मी विचारले, खरे तर उत्तर मला दिसू लागले होते.

तिने पेटीची मागची बाजू दाखवली. तिथे ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या होत्या, कोंबडीच्या पिसांसारख्या ओळीने. सहाही स्विच त्यांना स्क्रूने आवळलेले असतात, मध्ये पांढरा मलम लावून, म्हणजे उष्णता पट्ट्यांत उतरते. तापलेली हवा पट्ट्यांमधून वर जाते आणि खालून गार येते, चुलीच्या धुराड्यासारखे. म्हणून पेटी उभीच टांगायची, खाली-वर मोकळी जागा सोडायची. मी ती पत्र्याच्या कपाटात, पत्र्याच्या छपराखाली कोंडली. साधी पाटी ज्या तांब्याची असते ते ३५ मायक्रॉन जाड, आपल्या केसाच्या निम्मे. अशा पेटीच्या पाटीला दुप्पट किंवा तिप्पट जाड तांबे देतात आणि वाटा रुंद ठेवतात, म्हणजे त्या तापत नाहीत. डबे तापणाऱ्या वड्यांपासून दूर बसवतात, कारण त्या काळ्या डब्यांत पातळ औषध असते आणि ते उष्णतेने आटते. दहा अंश गरमी वाढली की डब्याचे आयुष्य निम्मे. वीस अंशांनी पाव. नकाशा काढणाऱ्याने एकेक अंशासाठी जागा शोधली, आणि मी एका वाक्यात सगळी पेटी भट्टीत ठेवली. दुपारी एकला ती जीव वाचवायला स्वतः बंद होत होती. मी ढग म्हणालो.

मी तिला विचारले, "पाटी दुरुस्त होईल का?" ती नाही म्हणाली. कोळसा पाटीच्या पोटात शिरला होता. वरून खरवडला तरी आत राहतो आणि सहा महिन्यांनी पुन्हा तेच. तिला दोनशे रुपयांचे काम करून आम्हाला वाटेला लावता आले असते. नवी पाटी १४ हजारांची. तिने चार दिवसांत मागवून दिली, बुडाला नव्या आवळपट्ट्या बसवल्या, आणि मला बजावले, "खांबावर, प्लेटांच्या सावलीत. कंपनीनं लावली होती तिथंच."

प्लेटांच्या सावलीत! सुरुवातीला लावणाऱ्याने जागा नीट निवडलेली होती. आयपी ६५ असा शिक्का तुमच्या पेटीवर असेल. त्यातला सहा म्हणजे धूळ आत जात नाही, पाच म्हणजे पाण्याचा फवारा सोसतो. पावसासाठी तिला घराची गरजच नसते, फक्त तिची भोके बंद हवीत. चोरीची भीती असेल तर केबल जमिनीतल्या पाइपातून न्यावी, पेटीपुढे जाळी लावावी. मोकळी जाळी, पत्रा नव्हे. विजा पडण्यापासून बचावाचे जे यंत्र असते त्याची जमिनीकडे जाणारी तारसुद्धा आखूड आणि सरळ हवी, वेटोळे करून ठेवू नये. कारण तेच, वीतभर तारेचा हट्ट.

पंप सुरू झाला तेव्हा पहिल्या आवाजाला पंधरा दिवस झाले होते, मध्ये पाच दिवसांचे पाणी सोडले तर सगळे कोरडे. टँकरने झाडे जगवली. पाणी आल्यावर मी अण्णांना एकदम सोडू दिले नाही. रोज थोडे-थोडे वाढवत आठ दिवसांनी पूर्ण केले. तरी फळ तडकले. एकूण फळाच्या तिसऱ्या हिश्श्यावर पाणी सोडावे लागले. त्या वर्षी त्यांच्या धाकटीचे लग्न ठरलेले होते, ते पुढच्या वैशाखावर गेले. अण्णांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

पाटीचे निम्मे पैसे, सात हजार, मी घेऊन गेलो. अण्णा हात मागे घेऊन उभे राहिले. "साहेब, तुम्ही का मुद्दाम केलंत?" आम्ही दोघे ओसरीवर तसेच अवघडून बसलो होतो, तेव्हा वहिनी आतून आल्या आणि पाकीट उचलून म्हणाल्या, "घेऊ द्या की त्यांच्याकडून. नाही घेतलं तर भाऊजींना झोप यायची नाही." आणि मला चहा दिला.

जळलेली पाटी मी मागून घेतली. सोलरच्या सभेला जाताना पिशवीत नेतो आणि मुंग्यांनी भरलेली ती फट भिंग देऊन लोकांना दाखवतो. मुले सर्वांत जास्त वेळ बघतात. गेल्या महिन्यात अण्णांकडे गेलो होतो. पेटी खांबावर सावलीत आहे, दुपारी दोनला पंप जोरात चालू होता. पत्र्याचे कपाट वहिनींनी गोठ्यात नेले असून त्यात शेळ्यांची पेंड ठेवली आहे, कुलूपही लावतात.